मुंबईच्या रस्त्यांवर लेन कीप असिस्ट: कुठे चालू ठेवायचं, कुठे बंद करायचं

नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधला माणूस स्टिअरिंगवरचं एक बटण दाखवतो आणि म्हणतो, "हे दाबलं की गाडी लेन सोडत नाही." बस, तेवढंच. लेन ती कशी ओळखते, किती वेगाला ओळखते, पट्टे पुसले गेले असतील तर काय करते, यातलं काहीच त्या पाच मिनिटांत सांगितलं जात नाही. मग पहिल्या पावसात, रात्री, मेट्रोच्या बॅरिकेडजवळ स्टिअरिंग अचानक हाताला ओढ देतं आणि माणूस दचकतो. अशी गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या आणि मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत रोज चालवणाऱ्या लोकांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करू. या यंत्रणेला रस्ता कळत नाही. तिला कळतो तो रस्त्यावरचा रंग. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीतून निघते.

आधी तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते बघा

'लेन असिस्ट' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली नुसती सूचना देते: इंडिकेटर न देता पट्ट्यावर गेलात की आवाज येतो किंवा स्टिअरिंग थरथरतं, पण गाडी वळवण्याचं काम तुमचंच. दुसरी पट्ट्याजवळ गेल्यावर स्टिअरिंगला हलकासा धक्का देऊन गाडी आत आणते. तिसरी सतत, दर क्षणाला, गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध धरून ठेवते आणि बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझसोबत, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणाऱ्या सोयीसोबत, चालते.

नावावर जाऊ नका. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत 'लेन कीपिंग असिस्ट' म्हणजे पट्ट्याजवळून आत ढकलणारी दुसरी गोष्ट, आणि मधोमध ठेवणाऱ्या तिसरीला ते 'लेन फॉलोइंग असिस्ट' म्हणतात. होंडाच्या 'लेन कीप असिस्ट'चं काम मात्र मधोमध ठेवण्याचं आहे. मित्राच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावला की इथेच फसगत होते.

तिन्ही असल्या तरी गाडी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या, गाडी स्वतः किती चालते हे मोजणाऱ्या पट्टीवर दुसऱ्या पातळीच्या वर जात नाही. ही पट्टी शून्य ते पाच अशी आहे आणि दुसऱ्या पातळीचा अर्थ स्पष्ट आहे: गाडी चालवताय तुम्ही, लक्ष ठेवायचं तुम्ही, जबाबदारी तुमची. अपघात झाला तर 'यंत्रणेने वळवली' हे उत्तर पोलीस चौकीत चालत नाही.

ती काम कशी करते

आतल्या आरशाच्या मागे, पुढच्या काचेला चिकटून एक काळा डबा असतो. त्यात कॅमेरा. तो समोरच्या रस्त्याच्या चित्रात गडद पार्श्वभूमीवरच्या फिकट, लांबट रेघा शोधतो, त्यांचा वाक मोजतो आणि गाडी त्या रेघांपासून किती अंतरावर आहे ते काढतो. मग इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरला सांगतो, इतका जोर दे. हा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कुणालाही हाताने सहज मोडून काढता यावा इतका.

आता हिशोब बघा. हायवेची लेन साधारण ३.५ मीटर रुंद. मध्यम आकाराची एसयूव्ही १.८ मीटर. म्हणजे मधोमध चालवलीत तरी दोन्ही बाजूंना उरतात जेमतेम ८५ सेंटिमीटर. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. ती फक्त १ अंश तिरपी झाली तर दोन सेकंदांच्या आसपास पट्ट्याला टेकते. कॅमेऱ्याने पट्टा ओळखायचा, हरवला तर तुम्हाला सांगायचं, तुम्ही भानावर येऊन स्टिअरिंग धरायचं, हे सगळं त्या दोन सेकंदांत बसवायचं आहे. हात स्टिअरिंगवर असतील तर बसतं. मांडीवर असतील तर बसत नाही.

पायरी १: सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी बंद असताना

बाहेरून काचेसमोर उभे राहा आणि कॅमेऱ्याची छोटी भिंग शोधा. तिच्यासमोर काचेचा एक समलंब तुकडा असतो, बाजूला काळे ठिपके आणि मधे पारदर्शक खिडकी. ही खिडकी म्हणजे यंत्रणेचा एकुलता एक डोळा. तिच्यासमोर काय काय आलेलं असतं ते आपल्याकडच्या गाड्यांत एकदा बघाच.

फास्टॅग हा पहिला. तो काचेच्या मधोमध, आरशाजवळ लावायचा असतो, आणि कॅमेराही नेमका तिथेच असतो. घाईत लावलेला फास्टॅग खिडकीच्या कडेवर चढलेला असतो. तो कॅमेऱ्याच्या डब्याच्या खाली किंवा बाजूला, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी हवा. एकदा चिकटवलेला टॅग काढला की निकामी होतो, म्हणून लावण्यापूर्वीच जागा ठरवा. दुसरा सोसायटीचा पार्किंग स्टिकर. वॉचमनला लांबून दिसावा म्हणून तो वर, मधोमध लावला जातो. तो खाली डाव्या कोपऱ्यात न्या. तिसरं म्हणजे आरशाला टांगलेली माळ किंवा लिंबू-मिरची. ब्रेक मारला की ती झुलते आणि आरशामागची जागा अपुरी असेल तर खिडकीच्या समोरून जाते.

आणि चौथं, जे कुणाच्या लक्षात येत नाही: गाडीची पूजा. नव्या गाडीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, बोट ओलं असतं, कधी तेलाचं असतं. पुसताना कुंकू जातं, तेलाचा पातळ थर राहतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यावर पडले की काचेवर पसरट चकाकी उमटते, आणि कॅमेऱ्याला ती तुमच्यापेक्षा जास्त त्रास देते. पूजा जरूर करा. स्वस्तिक बॉनेटवर काढा. काचेवर काढलंच असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब मगभर पाण्यात टाकून मऊ मायक्रोफायबर कापडाने तो भाग दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने.

समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर खाऱ्या हवेचा असाच थर बसतो. वरळी, दादर, वर्सोवा, मढ या भागांत उघड्यावर गाडी लावत असाल तर काच रोज सकाळी पुसायची. गाडी धुणारा भाऊ ओल्या फडक्याने जे करतो त्याने तो थर जात नाही, सरकतो. त्याला वेगळं कापड द्या आणि आरशासमोरचा भाग दाखवून ठेवा. काचेच्या आतून कॅमेऱ्याच्या डब्यात हात घालू नका, कोलीनचा फवारा तर अजिबात नको.

वायपरचं रबर बघा. ते कडक झालं असेल तर पाण्याची एक कमान नेमकी काचेच्या वरच्या भागात सोडतं. पावसाळ्याच्या आधी, मेच्या शेवटी, रबर बदललेलं बरं.

पायरी २: मॅन्युअलमधली चार उत्तरं शोधा

पाचशे पानं वाचायची गरज नाही. लेनसंबंधीचं प्रकरण उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

किती वेगाला चालू होते? पट्ट्याजवळून आत ढकलणारी यंत्रणा बऱ्याच गाड्यांत ताशी ६० किंवा त्याहून जास्त वेगालाच जागी होते. याचा मुंबईतला अर्थ नीट समजून घ्या. सायनहून अंधेरीला जाताना, एलबीएस मार्गावर, एस. व्ही. रोडवर तुमचा वेग ६० पर्यंत जातच नाही. बटण चालू, डिस्प्लेवर चिन्ह दिसतंय, पण यंत्रणा झोपलेली. तुम्हाला मात्र वाटत राहतं की ती पहारा देतेय.

चिन्हाचे रंग कोणते? साधारणपणे पांढरं किंवा राखाडी म्हणजे चालू आहे पण पट्टे दिसत नाहीत, हिरवं म्हणजे पट्टे पकडलेत, पिवळं म्हणजे बिघाड किंवा कॅमेरा झाकला गेलाय. काही गाड्यांत डावी आणि उजवी रेघ वेगवेगळी उजळते. तुमच्या गाडीचं नेमकं काय ते बघा, कारण पुढे सगळं यावर अवलंबून आहे.

पट्टा हरवला की आवाज येतो का? पुष्कळ गाड्यांत येत नाही. हिरवं चिन्ह गुपचूप पांढरं होतं, एवढंच. या सगळ्या विषयातला हा सर्वात धोकादायक बारकावा आहे.

आणि गाडी परत सुरू केल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते की मागच्या वेळी ठेवली तशी राहते? काही गाड्यांत दर वेळी चालू होते. गल्लीबोळात बंद करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू सापडली, असं होतं.

पायरी ३: जोर ओळखायची सवय

पहिला सराव शहरात करू नका. रविवारी सकाळी साडेसहा-सातला, कोरड्या दिवशी, अटल सेतूसारखा सरळ, रंगवलेला, मोकळा रस्ता निवडा. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, तीन लेन आहेत, कारसाठी वेगमर्यादा १०० आहे. शिवडीकडून चढण्या-उतरण्याच्या मार्गिकांवर ती ४० आहे, तिथे सराव नको.

मधल्या लेनमध्ये ७० ते ८० ला स्थिर राहा. मागे आणि दोन्ही बाजूंना कुणी नाही याची खात्री करा. दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, पकड सैल. चिन्ह हिरवं झालं की गाडी अगदी हळू, कंटाळल्यासारखी, डाव्या पट्ट्याकडे जाऊ द्या. पट्टा जवळ आला की तळहाताला एक ओढ जाणवेल. ती ओढ किती आहे ते हातात साठवा. आता तसंच पुन्हा करा आणि या वेळी ओढीविरुद्ध गाडी धरून ठेवा. फारसा जोर लागत नाही हे कळेल. हे कळणं फार महत्त्वाचं, कारण उद्या ती चुकीच्या बाजूला ओढेल तेव्हा घाबरून झटका न देता शांतपणे परतवता आली पाहिजे.

मग इंडिकेटर देऊन लेन बदला. ओढ नाहीशी होईल. इंडिकेटर दिला की यंत्रणा बाजूला होते, कारण तुम्ही मुद्दाम जाताय हे तिला कळतं. मुंबईत इंडिकेटर न देता लेन बदलण्याची सवय ज्यांना आहे त्यांना ही गाडी दर वेळी अडवेल, आणि मग ते वैतागून यंत्रणाच बंद करून टाकतील. सवय बदला, बटण नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. समोर अचानक खड्डा, मेलेलं कुत्रं, पडलेलं पोतं आलं तर इंडिकेटर द्यायला वेळ नसतो. तेव्हा वळवाल तर ओढ विरोधात येईल. जोर लावा, ती सोडते. खड्डा तिला दिसत नाही, पोतंही नाही. तिच्या लेखी तुम्ही विनाकारण लेन सोडताय.

कुठे फसते, आणि का

पाऊस. जून ते सप्टेंबर या यंत्रणेचं निम्मं आयुष्य मुंबईत वाया जातं, आणि त्याचं कारण फक्त 'दिसत नाही' एवढं नाही. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. हेडलाइटचा उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून कोरड्या रात्री पट्टा चमकतो. त्यावर पाण्याचा थर बसला की उजेड पाण्यावरून घसरून पुढे निघून जातो, परत येतच नाही. पट्टा विझतो. त्याच वेळी ओल्या रस्त्यावर समोरच्या गाड्यांच्या लाल दिव्यांचे आणि खांबावरच्या दिव्यांचे लांबच लांब उभे ओघळ उमटतात. खरा पट्टा गायब आणि खोट्या पट्ट्यांची गर्दी. रात्री जोराचा पाऊस असेल तर बटण बंद. यात चर्चा नाही.

पावसाळ्यात एसी थंड ठेवून काचेवर सोडला की दमट हवेमुळे काच बाहेरून धुरकट होते. लोक आतून पुसत बसतात. वायपर एकदा फिरवा, आणि एसीची हवा काचेवरून काढून पायाकडे वळवा. आतून धुकं असेल तर उलट, डिफॉगर लावा. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच आंधळं करतं.

काँक्रीट. शहरातले रस्ते झपाट्याने काँक्रीटचे होत आहेत. आपल्याला बरं, कॅमेऱ्याला नाही. डांबरावर पांढरा पट्टा उठून दिसतो; फिकट काँक्रीटवर, दुपारी दोनच्या उन्हात, पांढऱ्यावर पांढरं. शिवाय काँक्रीटच्या दोन स्लॅबमधला लांबीच्या दिशेचा सांधा काळ्या मसाल्याने भरलेला असतो. तो लेनला समांतर धावतो, सरळ असतो आणि पट्ट्यापेक्षा ठळक दिसतो. पट्टा पुसट झालेला असेल तर कॅमेरा सांध्याला लेन समजू शकतो. गाडी थोडी एका बाजूला सरकून स्थिर झाली असं वाटलं तर हेच झालेलं असतं. डांबरी रस्त्यावर भेगा बुजवायला ओतलेलं चकचकीत डांबर तोच घोटाळा करतं.

काम चालू असलेले रस्ते. मेट्रोची किंवा उड्डाणपुलाची बॅरिकेड लागली की लेन सरकते, पण जुने पट्टे तिथेच राहतात. ते काळ्या रंगाने झाकले असतील तर दिवसा झाकलेले वाटतात; रस्ता ओला झाला किंवा ऊन तिरपं पडलं की तो काळा रंगच चमकतो आणि कॅमेऱ्याला रेघ दिसते. जुना पट्टा सरळ बॅरिकेडच्या पत्र्यात घुसलेला असतो. पत्रा आहे हे यंत्रणेला समजत नाही, रेघ आहे हे समजतं. नारिंगी शंकू दिसले, 'काम चालू' फलक दिसला, की पहिलं काम बटण बंद करणं.

फाटे. इथे जरा थांबायला हवं, कारण जीव जाण्याची शक्यता इथे सर्वात जास्त. मुख्य रस्त्यातून बाहेर पडणारी मार्गिका निघते तिथे डावा पट्टा हळूहळू डावीकडे झुकतो. डाव्या लेनमध्ये असाल तर गाडीच्या दृष्टीने लेन रुंद होत जाते, आणि मधोमध राहण्याच्या नादात ती डावीकडे सरकायला लागते. दोन रस्त्यांच्या मधल्या त्रिकोणात तिरप्या पट्ट्या रंगवलेल्या असतात आणि त्याच्या टोकाला असतो काँक्रीटचा कठडा. २३ मार्च २०१८ रोजी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे हायवेवर ऑटोपायलट (टेस्लाची लेन आणि वेग सांभाळणारी यंत्रणा) चालू असलेली टेस्ला मॉडेल एक्स अशाच त्रिकोणात शिरून कठड्यावर आदळली आणि चालकाचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की वेग ताशी ११४ किलोमीटरच्या आसपास होता, ब्रेक लागला नव्हता आणि फोनवर गेम चालू होता. तिथले पट्टे आपल्यापेक्षा कितीतरी बरे असतात.

मुंबईत असे फाटे पावलोपावली. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर प्रत्येक उड्डाणपुलाच्या पायथ्याशी एक, वर जाणारा आणि खालून जाणारा. नियम सोपा ठेवा: फाट्याच्या २०० मीटर आधी स्टिअरिंग घट्ट धरा, ज्या बाजूचा फाटा त्या बाजूची लेन सोडून मधे या, आणि डिस्प्लेकडे नाही तर कठड्याकडे बघा.

वळणं. या यंत्रणा वळणावर आडवा जोर एका मर्यादेपलीकडे देत नाहीत. युरोपात पाळला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा स्टिअरिंगबद्दलचा नियम ७९ ही मर्यादा ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी ठेवतो. त्याचं साधं गणित असं: ताशी ८० ला सुमारे १६५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण त्या मर्यादेत बसत नाही, ६० ला ९३ मीटर. म्हणजे वळण निम्मं घेतल्यावर यंत्रणा हात टेकते आणि गाडी बाहेरच्या बाजूला सुटायला लागते. बोर घाटात, ईस्टर्न फ्रीवेच्या वाकणांवर, क्लोव्हरलीफच्या गोल मार्गिकांवर ती बंद ठेवा.

चढ. उड्डाणपुलाच्या माथ्याकडे जाताना कॅमेऱ्याला पुढे रस्ताच दिसत नाही, फक्त आभाळ. पाच-सहा सेकंद पट्टे हरवतात. माथ्यापलीकडे वळण असेल तर ते तुम्हालाच घ्यायचं आहे.

ऊन. संध्याकाळी अटल सेतूवरून नवी मुंबईकडून शिवडीला येताना सूर्य थेट समोर असतो. तुम्ही सनव्हायझर खाली करता. कॅमेऱ्याला तो नाही. कोस्टल रोडच्या बोगद्यातून दिवसा बाहेर पडतानाही दोन-तीन सेकंद असाच अंधारा-उजेडाचा झटका बसतो. कठड्याच्या जाळीच्या तिरप्या सावल्या रस्त्यावर पडल्या की रेघांचा आणखी गोंधळ.

ती बघत नाही अशा गोष्टी

लेन राखणारी यंत्रणा लेनच राखते. तुमच्या आणि शेजारच्या बसच्या मधल्या फटीतून येणारा डिलिव्हरीवाला मुलगा तिच्या हिशोबात नाही. दुचाकीला जागा द्यायला तुम्ही उजव्या पट्ट्याला चिकटून चालत असाल तर ती तुम्हाला परत मधे ढकलते, म्हणजे त्याच्या अंगावर. बोरिवली, कांदिवलीच्या पट्ट्यात हायवेवर संध्याकाळी दर मिनिटाला हा प्रसंग आहे. तिथे वेग कमी असतो म्हणून यंत्रणा झोपलेली असते हेच नशीब. पण वाहतूक ६५ ने वाहायला लागली की ती जागी होते. दुचाकींची गर्दी असलेल्या कुठल्याही रस्त्यावर ढकलणारा आणि मधोमध ठेवणारा, दोन्ही भाग बंद करून फक्त सूचना देणारा भाग चालू ठेवा. बहुतेक गाड्यांच्या सेटिंगमध्ये ही सोय असते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर उलटा प्रकार. उंच कंटेनरच्या बाजूने जाताना कुणीही शहाणा माणूस फूटभर लांब सरकतो. मधोमध ठेवणारी यंत्रणा सरकू देत नाही, सतत परत आणते. कंटेनर तुमच्या लेनमध्ये झुकला तरी ती तुम्हाला मधेच धरेल. ओव्हरटेक करताना स्टिअरिंग तुमच्या ताब्यात घ्या आणि पार झाल्यावरच परत द्या.

हातांचं काय

हात सोडले की साधारण १५ सेकंदांत सूचना येते. काही चालक या १५ सेकंदांना सवलत समजतात. ताशी ८० ला १५ सेकंदांत गाडी ३३० मीटर जाते, १०० ला ४१५. चार्जिंगची वायर शोधायला, मुलाला बिस्किट द्यायला तेवढं अंतर पुरतं आणि फाटा यायलाही पुरतं.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून किंवा वजन बांधून यंत्रणेला फसवण्याचे व्हिडिओ फिरतात. असं करू नका. बऱ्याच गाड्यांत हात आहेत की नाहीत हे स्टिअरिंगवरच्या हलक्या जोरावरून ओळखतात. बाटलीचा जोर एका बाजूला कायम राहतो, आणि पट्टा हरवला त्या क्षणी गाडी त्याच बाजूला वळते.

अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने २०२० मध्ये पाच गाड्या प्रत्यक्ष रस्त्यांवर मिळून सुमारे ६,४०० किलोमीटर चालवून बघितल्या. सरासरी दर १३ किलोमीटरला काही ना काही चूक झाली, आणि बहुतेक चुका लेन राखण्यातल्या होत्या. १३ किलोमीटर म्हणजे दहिसर ते अंधेरीच्या आसपास.

तुमच्या रोजच्या वाटेवर

अटल सेतू, कोरड्या दिवशी: चालू ठेवा, मधली लेन धरा. पावसाळ्यात तिथे आडवा वारा जोराचा असतो. गाडी झुलते आणि यंत्रणा सारखी दुरुस्ती करत राहते. तेव्हा स्वतः चालवलेली जास्त स्थिर चालते. सी लिंकवर चालेल, पण दोन्ही टोकांना, आणि टोल नाक्याच्या अलीकडे पट्टे पसरतात तिथे बंद. कोस्टल रोडवर सरळ भागात चालू, मार्गिका फुटतात तिथे स्टिअरिंग तुमचं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खालापूरपर्यंत हिचा खरा उपयोग आहे, विशेषतः पहाटे निघालेल्या आणि डुलकी येऊ शकणाऱ्या माणसाला पट्ट्यावरचा धक्का जाग आणतो. (झोप येत असेल तर मात्र फूड मॉलला थांबून अर्धा तास डोळे मिटा, धक्का हा त्यावरचा उपाय नव्हे.) खालापूर सोडलं, घाट सुरू झाला, की बंद.

वेस्टर्न आणि ईस्टर्न, दोन्ही एक्स्प्रेस हायवेंवर: फक्त सूचना. घोडबंदर रोड, जेव्हीएलआर आणि शहरातला बाकी रस्ता: तीही नको, नुसती किरकिर होईल आणि खऱ्या सूचनेकडेही कान देणं बंद होईल.

काच बदलली, खड्डा बसला, टायर बदलले

कंटेनरमागून उडालेल्या खडीने काचेला तडा गेला की नवी काच बसते. कॅमेरा काढून परत लावला जातो. या वेळी तो अगदी १ अंश जरी फिरला तरी ५० मीटर पुढे त्याचा हिशोब ८७ सेंटिमीटरने चुकतो. वर बघितलं ना, पट्ट्यापर्यंतची जागाच ८५ सेंटिमीटर. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, अटळ आहे. ते सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीसमोर ठरावीक अंतरावर खुणांचा फलक ठेवून करतात, किंवा स्कॅनर जोडून चांगल्या पट्ट्यांच्या रस्त्यावर गाडी चालवून. काही गाड्यांना दोन्ही लागतं. विम्यातून काच बदलताना कॅलिब्रेशनचा खर्च मंजूर आहे का ते आधी विचारा आणि बिलावर ती ओळ वेगळी लिहून घ्या. कॅमेऱ्यासमोरच्या भागाला योग्य अशी, त्याच मॉडेलची काच हवी. स्वस्तातली काच कॅमेऱ्यासमोर असमान असू शकते, चित्र वाकडं दाखवू शकते.

खड्ड्यात गाडी दणकून आदळली आणि त्यानंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागत असेल तर आधी व्हील अलाइनमेंट. एका बाजूला ओढणाऱ्या गाडीत लेन असिस्ट त्या ओढीशी झगडत राहतं आणि तुम्हाला वाटतं यंत्रणा बिघडली. टायरमधली हवा चारही चाकांत कंपनीने सांगितल्याइतकी हवी. गावाला जाताना डिकी गच्च भरली, मागे तिघे बसले, की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेऱ्याचंही. गणपतीला कोकणात निघताना हे ध्यानात असू द्या. मुंबई-गोवा महामार्गावर तसंही ती बंद ठेवलेलीच बरी.

गाडी दुसऱ्याच्या हातात देताना

पगारी ड्रायव्हर असेल तर त्याला बसवून हे सगळं दाखवा. ज्याला ठाऊक नाही त्याला स्टिअरिंगची ओढ म्हणजे टायर फुटल्यासारखी वाटते आणि तो जोरात उलटं वळवतो. चिन्हाचे रंग, बंद करायचं बटण आणि इंडिकेटरचा नियम, या तीन गोष्टी सांगितल्या की पुरे. घरात मुलगा-मुलगी नुकतं लायसन्स काढून शिकत असतील तर पहिले सहा महिने त्यांच्यासाठी ती बंद ठेवा. लेनमध्ये सरळ राहणं हाताने शिकायला हवं, आणि यंत्रणा ते शिकू देत नाही.

सर्व्हिसिंगहून गाडी आली की सेटिंग तपासा. बॅटरी काढली असेल तर आवाजाची पातळी आणि चालू-बंदची निवड मूळ जागी गेलेली असू शकते. गेटबाहेर पडण्याआधी, गाडी उभी असताना, मेनूत जाऊन एकदा बघून घ्या.